कुंडीतला वृक्ष : पहिल्या बोन्सायविषयी वाचकांचे प्रश्न

घरात पहिल्यांदाच बोन्साय आलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी समोर आहेत. बहुतेकांना झाड भेट म्हणून मिळालेले आहे, बहुतेकांनी ते दिवाणखान्यात ठेवलेले आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाने ‘पाणी किती दिवसांनी घालावे’ असे विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर दिवसांच्या हिशेबात देता येत नाही. ते का देता येत नाही, हे पहिल्याच पत्राच्या निमित्ताने सविस्तर लिहिते, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

प्रश्न : वाढदिवसाला मिळालेले फायकसचे बोन्साय मी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवले आहे. रोपवाटिकेत सांगितल्याप्रमाणे दर दोन दिवसांनी अर्धा पेला पाणी घालते. तीन आठवड्यांपासून रोज पाच-सहा पाने गळत आहेत. काही पिवळी होऊन, काही चक्क हिरवीच. मातीवर पांढरे गोटे चिकटवलेले आहेत, ते छान दिसतात म्हणून तसेच ठेवले. झाड वाचेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : वाचण्याची शक्यता चांगली आहे, पण आधी खात्री करून घ्यावी. बुंध्याजवळची एखादी जाड फांदी निवडून तिची साल नखाने तीळभर खरवडावी. सालीखाली ओलसर हिरवा थर दिसला आणि त्यातून पांढरा चीक आला, तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे लाकूड दिसले तर थोडे खाली सरकून पुन्हा पाहावे. निम्म्या फांद्या वाळल्या तरी बुंधा हिरवा असेल, तर फायकस नव्याने फुटतो.

फुगीर, मुळ्यासारख्या मुळांचे जे झाड बाजारात ‘जिनसेंग’ नावाने मिळते, त्याचा जिनसेंग या औषधी वनस्पतीशी काही संबंध नाही. ते फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपल्याकडचा नांद्रुक, वड-पिंपळाचाच भाऊबंद. या कुळाची एक सवय आहे. जागा बदलली, उजेड एकाएकी कमी झाला, की जुनी पाने टाकून द्यायची. आपले झाड रोपवाटिकेत शेडनेटखाली दिवसभर उजेडात होते, तेथून ते थेट टीव्हीशेजारी आले. हिरवीच पाने गळण्यामागे बहुधा हा बदल आहे. पिवळी पाने मात्र पाण्याकडे बोट दाखवतात, आणि मला काळजी वाटते ती त्यांची.

आपल्या डोळ्यांना दिवाणखाना उजळ वाटतो, कारण अंधुक जागी डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उणीव भरून काढते. पानाला ती सोय नाही. भर दुपारी उघड्यावर प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते, तर रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत ती शंभर ते तीनशे लक्स भरते. दिवसा खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेले तरी उजेड काही शे लक्सवर येतो. फायकसला तग धरायला दोन-तीन हजार तरी लागतात, आणि नवी पालवी धरायची तर त्याहून पुष्कळ जास्त. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारे अॅप घेऊन एकदा झाडाच्या पानांजवळ आणि एकदा खिडकीच्या कट्ट्यावर आकडा पाहावा. आकडा अचूक नसला तरी दोन जागांमधला फरक पाहून आपणच झाड उचलून हलवाल.

आता पाण्याचे. पान उजेडात अन्न तयार करते तेव्हा त्याची सूक्ष्म छिद्रे उघडी असतात आणि त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. ती ओढ पानापासून मुळापर्यंत पोहोचते आणि मूळ मातीतले पाणी वर खेचते. उजेड नसेल तर ही ओढच मंदावते. झाड पीत नाही, आपण मात्र ठरल्या दिवशी अर्धा पेला ओतत राहतो, आणि माती आठवडाच्या आठवडा ओली राहते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधली हवेची जागा सतत पाण्याने भरलेली राहिली, की बारीक मुळे गुदमरून कुजतात. मुळे कुजली की झाडाला पाणी घेता येत नाही आणि ते मलूल दिसते. मलूल झाड पाहून घरातले माणूस आणखी पाणी घालते. तहानलेले झाड आणि मुळे कुजलेले झाड वरून सारखेच दिसते. नवशिक्यांची बोन्साय जातात ती अशी, प्रेमापोटी.

म्हणून वार ठरवून पाणी घालणे आजपासून थांबवावे. विझलेल्या उदबत्तीची साधी, रंग न दिलेली काडी घ्यावी, ती बुंध्यापासून थोडी दूर दोन-अडीच सेंटिमीटर खोल खोचावी आणि दहा मिनिटांनी काढून पाहावी. काडी गडद, गार लागली तर त्या दिवशी पाणी नको. टोक जेमतेम दमट असेल तर पाणी घालायची वेळ झाली. पंधरा दिवस असे केले की कुंडी उचलून तिच्या वजनावरूनच कळू लागते, आणि मग काडीही लागत नाही. पाणी घालायचे तेव्हा अर्धा पेला नाही. कुंडी मोरीत किंवा सिंकमध्ये नेऊन बारीक झारीने सगळीकडे सारखे, तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत घालावे, पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा एकदा तसेच घालावे. थोडे-थोडे पाणी वरचीच माती भिजवते आणि खालची मुळे कोरडी ठेवते. एकाच कुंडीत वर कूज आणि खाली दुष्काळ, असेही मी पाहिले आहे. ताटलीत साचलेले पाणी मात्र लगेच ओतून द्यावे.

गोटे आजच काढावेत. ते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतात, जेणेकरून वाहतुकीत माती सांडू नये. विक्रेत्याची गरज तेथेच संपते. पण आपल्याकडे ते आवरण पाणी आत जाऊ देत नाही आणि काडी खोचू देत नाही. पाण्यात कुंडी अर्धा तास बुडवून ठेवली की बहुधा ते सैल होतात, नाहीतर चमच्याच्या दांड्याने हलकेच उचकटावेत. तळाला भोक आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

झाड खिडकीत हलवल्यावर आणखी दोन आठवडे पाने गळतील. त्या काळात जागा पुन्हा बदलू नये, खत देऊ नये, फांद्या छाटू नयेत. फांदीच्या टोकाला आवरणात गुंडाळलेली टोकदार कळी दिसू लागली की झाड सावरले असे समजावे.

प्रश्न : सगळीकडे ‘पूर्वेची खिडकी उत्तम’ असे वाचतो. आमच्या सदनिकेत फक्त दक्षिण आणि पश्चिम खिडक्या आहेत. तर बोन्सायचा नाद सोडावा का? (वाचक, पुणे)

उत्तर : अजिबात सोडू नये. पूर्वेची खिडकी चांगली म्हणतात ती सकाळचे ऊन कोवळे असते म्हणून, पण आपली दक्षिणेची खिडकी वाईट नाही. ती ऋतूप्रमाणे बदलते एवढेच. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो आणि त्याचे ऊन खिडकीतून पार खोलीत शिरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थेट डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्याच खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही, आणि त्यात जूनपासून आभाळ भरलेले. म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत झाड दक्षिणेला ठेवावे आणि उन्हाळा-पावसाळ्यात खिडकीच्या जाळीवर, शक्य तितके बाहेर सरकवावे. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेमध्ये भाजून काढते. तेथे ठेवायचे असेल तर दुपारी पातळ पांढरा पडदा ओढावा.

या निमित्ताने माझे एक स्पष्ट मत सांगते. ‘घरातले झाड’ अशी जात निसर्गात नाही. घराच्या सावलीत काही झाडे तगतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्याकडे बाल्कनी आहे त्यांनी झाड बाल्कनीत वाढवावे आणि पाहुणे येतील तेव्हा, सणावाराला, दोन दिवस आत आणून कौतुकाने मांडावे.

प्रश्न : प्रदर्शनातून आणलेले जुनिपरचे बोन्साय दीड महिना सुंदर हिरवे होते. आता हात लावला की पाने कुरकुरतात आणि भुगा होतो. माझे काय चुकले? दुसरे कोणते झाड घ्यावे? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझेच पहिले झाड आठवले. तेही जुनिपरच होते, तेही प्रदर्शनातले, आणि मी ते टीपॉयवर ठेवून रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाहत बसत असे. एके दिवशी धूळ पुसायला फांदी धरली तर ती बोटात वाळलेल्या शेवेसारखी चुरली. मला तेव्हा ठाऊक नव्हते की जुनिपर मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. म्हणजे मी जितके दिवस त्याचे कौतुक केले, त्यांतले बरेच दिवस ते झाड हयातच नव्हते. तेव्हा दोष लावून घेऊ नये. जुनिपरला उघडे आकाश, दिवसभराचे ऊन आणि थंडीतली विश्रांती लागते. पुण्या-नाशिककडे गच्चीवर तो चांगला वाढवणारे लोक आहेत. चार भिंतींच्या आत मात्र तो कोणत्याही गावात टिकत नाही, आणि ही गोष्ट विकणाऱ्याने सांगायला हवी होती.

दुसऱ्या झाडासाठी दोनच नावे सुचवते. पहिले नांद्रुक-फायकस, ज्याविषयी वर लिहिलेच आहे. त्याला चुका पचतात, छाटणी सोसते आणि आपल्या हवेत ते घरचेच आहे. दुसरे जेड. आपल्या रोपवाटिकांत लहान गोल पानांचे जे जेड मिळते ते बहुधा पोर्टुलॅकारिया आफ्रा असते, मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. तिकडे हत्ती त्याच्या फांद्या मोडून खातात, आणि मोडलेल्या तुकड्यांना मुळे फुटून ते पुन्हा वाढते. छाटणीची भीती वाटणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. ते पाने आणि खोडात पाणी साठवते, म्हणून पानांवर हलकी सुरकुती दिसेपर्यंत थांबून पाणी घातले तरी चालते. ऊन मात्र त्याला फायकसहूनही जास्त हवे. चकचकीत बारीक पानांचा आणि पांढऱ्या फुलांचा कार्मोना फार मोहात पाडतो, पण तो पाण्यातली, हवेतली, जागेतली प्रत्येक चूक मनावर घेतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणावा.

पावसाळ्यात इमारतीच्या पन्हळीत, गच्चीच्या भेगेत उगवलेला वड किंवा पिंपळ जपून काढला तर तोही फुकटचा गुरू आहे, मात्र तो बाल्कनीतच शोभतो. त्याची पाने मोठी असतात, उजेड कमी पडला की ती आणखी मोठी होतात आणि दोन पानांतले अंतर वाढत जाते.

प्रश्न : मी बोन्साय शिकू लागले आहे, पण सासूबाईंना ते आवडत नाही. घरात वाढ खुंटवलेले झाड ठेवले की घराची वाढ खुंटते, आणि मुक्या जिवाला तार बांधून उपाशी ठेवणे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना दुखवायचे नाही, पण मलाही मनातून खात्री हवी आहे. (वाचक, सांगली)

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यातली झाडाविषयीची कळकळ खरी आहे, आणि तिचा मान राखूनच उत्तर द्यायला हवे.

बोन्साय उपाशी ठेवून लहान राखतात, ही समजूत खूप पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. उथळ कुंडीतल्या झाडाला उलट जमिनीतल्या झाडापेक्षा नियमित पाणी आणि खत लागते. ते लहान राहते ते शेंडा आणि मुळे वेळोवेळी छाटल्यामुळे. शेंडा खुडला की त्याखालचे सुप्त डोळे जागे होऊन फांद्या वाढतात. जाड मुळे कापली की बुंध्याजवळ बारीक, तरुण मुळांचा झुपका तयार होतो. द्राक्षाच्या बागेत वर्षातून दोनदा छाटणी होते हे सांगलीकरांना मी काय सांगावे. वेल छाटणे पाप आहे असे तेथे कोणी म्हणत नाही, कारण छाटणीनंतरची फूट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. हेच झाड उद्या जमिनीत लावले तर ते त्याच्या जातीप्रमाणे मोठे होईल, कारण त्याच्या बीजात काहीही बदललेले नसते. छाटणीने आणि उजेडाने पाने लहान होतात. फळाचा आकार मात्र फारसा कमी होत नाही, त्यामुळे हातभर उंचीच्या डाळिंबाला लागलेले फळ पाहून माणूस थक्क होतो.

वाढ खुंटण्याविषयी एक खरी हकिकत त्यांना जरूर सांगावी. जपानमधील हिरोशिमा येथे यामाकी कुटुंबाकडे पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय होते, ज्याची जोपासना 1625 पासून चालू आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड ते उभे होते. घराच्या काचा फुटल्या, पण कुटुंबही वाचले आणि झाडही. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट म्हणून दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला. ते कोठून वाचून आले आहे हे तेथील लोकांना कळले ते 2001 मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेले तेव्हा. आजही ते झाड तेथे आहे. एका झाडाला जवळजवळ चारशे वर्षे पिढ्यांमागून पिढ्या रोज पाणी घालत आल्या, त्या घराची वाढ खुंटली असे कसे म्हणावे?

आपल्या मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात, आणि मला हा शब्द फार योग्य वाटतो. वामन बटू होता, अपुरा नव्हता.

तारेबद्दल मात्र सासूबाईंचे अर्धे म्हणणे मी मान्य करते. तार वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षे जात नाही. पहिल्या वर्षी तार न लावता केवळ छाटणीने आकार द्यावा. फायकसच्या फांदीवर सहा-सात पाने झाली की दोन-तीन पाने राखून पुढचे खुडावे, एवढ्याने झाड दाट होत जाते. आणि एखाद्या सकाळी पाणी घालायचे काम त्यांच्याकडेच सोपवून पाहावे.

प्रश्न : तारेने वळण द्यायचे ठरवले तर कोणती तार, किती दिवस? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मऊ अॅल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची. फांदीशी 45 अंशांचा कोन करून सारख्या अंतराने गुंडाळावी. फायकसची फांदी पावसाळ्यात भराभर जाड होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी तारेखाली पाहावे आणि साल दाबली जाऊ लागली की तार काढावी. ती उलगडू नये, कटरने तुकडे करून काढावी. उलगडताना फांदी मोडते.

प्रश्न : माझ्या बोन्सायची माती दगडासारखी घट्ट झाली आहे आणि पाणी कडेने वाहून जाते. कुंडी बदलावी का? कोणती माती वापरावी? शेतातली काळी माती सहज मिळते. (वाचक, नाशिक)

उत्तर : कुंडी बदलण्याची वेळ झाली आहे आणि काळी माती नक्की नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते; त्या भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. शेतात तिच्याखाली कित्येक फूट खोली असते, आपल्या कुंडीत चार बोटे.

उथळ कुंडीला भरड मिश्रण का लागते, हे भांडी घासायच्या नव्या स्पंजावर स्वतः पाहता येईल. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून हातावर आडवा धरावा. थोडे पाणी गळून थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करावा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच. पण उभ्या स्पंजात पाण्याला खाली ओढणारी उंची जास्त. कुंडीतही तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नाही तर कणांच्या आकारावर ठरते. बारीक मातीत हा थर जाड असतो. खोल कुंडीत तो तळाशी पडून राहतो. उथळ कुंडीत तोच थर जवळजवळ पृष्ठभागापर्यंत येतो आणि सगळी मुळे पाण्यात उभी राहतात. कण मोठे केले की थर पातळ होतो. तळाशी खडे घालून हे साधत नाही, सगळे मिश्रणच भरड हवे.

मी वापरते ते मिश्रण असे : चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे दोन भाग, धुतलेले भरड कोकोपीट किंवा जुने पालापाचोळ्याचे खत एक भाग, भरड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके, पांढरे खनिज दाणे) एक भाग. वीट फोडून गव्हाच्या चाळणीने चाळावी. चाळणीवर जे उरते, पण हरभऱ्याच्या दाण्याहून मोठे नसते, तेच घ्यावे. खाली पडलेली लाल भुकटी बोन्सायला नको, ती बागेत टाकावी. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवावे, त्यात क्षार असतात.

फायकसची कुंडी बदलायला आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याचे पहिले आठवडे चांगले. आदल्या दिवशी पाणी घालू नये. मुळांचा गोळा काढून त्याच्या कडा आणि तळ बांबूच्या काडीने मोकळा करावा. निरोगी मूळ फिकट आणि ताठ असते, कुजलेले काळपट, लिबलिबीत आणि गटारासारख्या वासाचे. कुजलेले सगळे कापावे, निरोगी मुळांपैकी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. भोकांवर प्लास्टिकची जाळी ठेवावी, झाड हलू नये म्हणून भोकांतून तार घेऊन मुळांच्या गोळ्याला बांधावे आणि मिश्रण काडीने कोचत मुळांमध्ये भरावे, पोकळ जागा राहू देऊ नये. नंतर तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घालावे. पंधरा दिवस कडक ऊन आणि महिनाभर खत टाळावे. पुढे वाढीच्या दिवसांत पाकिटावर लिहिल्याच्या निम्म्या तीव्रतेचे द्रवखत पंधरा दिवसांनी एकदा पुरते. पेंडीचे खत घरात घालू नये, वास येतो आणि मुंग्या लागतात.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. खोलीत कधी कूलर, कधी एसी चालू असतो. फायकसच्या पानांच्या कडा करपल्या आहेत. रोज पानांवर पाणी फवारते, तरी फरक नाही. (वाचक, नागपूर)

उत्तर : फवारलेले पाणी त्या हवेत काही मिनिटांत उडून जाते, त्यामुळे त्याचा उपयोग पानांवरची धूळ जाण्यापुरताच. कूलरची हवा दमट असते आणि ती झाडाला मानवते, मात्र झोत थेट पानांवर नको. एसी खोलीतला ओलावा काढून घेतो. झाड त्याच्या झोतापासून दूर, शक्य तर दुसऱ्याच खोलीतल्या खिडकीत हलवावे. पसरट ताटात खडे पसरून त्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरावे आणि कुंडी खड्यांवर, पाण्याला न टेकवता ठेवावी. याने पानांभोवती थोडा ओलावा राहतो. खरा आधार मुळांशी आहे. विदर्भाच्या मे महिन्यात उथळ कुंडी दिवसातून दोनदा कोरडी पडू शकते, म्हणून काडी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा खोचावी. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होणार नाहीत. नवी पाने धड आली की पुरे.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आहेत, टेबल चिकट होते आणि मुंग्या येतात. (वाचक, मुंबई)

उत्तर : हा पिठ्या ढेकूण. कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून प्रत्येक पुंजका पुसून काढावा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली निमतेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. आठवड्याच्या अंतराने तीनदा हे करावे, कारण पहिल्या फवारणीतून सुटलेली अंडी नंतर फुटतात. फायकसची पाने मधोमध दुमडून शेंगेसारखी मिटत असतील तर ते फुलकिडे. तशी पाने खुडून पिशवीत बंद करून टाकावीत. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर फायकसचा चीक आणि पाने त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. पुण्याच्या आठवणीने फायकसचे बोन्साय घेतले. उन्हाळ्यात छान होते, नोव्हेंबरपासून पाने गळत आहेत. खिडकीखाली रेडिएटर आहे. (वाचक, लंडन)

उत्तर : डिसेंबरात लंडनला दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि दुपारचा सूर्य क्षितिजावर जेमतेम पंधरा अंश चढतो. नांद्रुकाला त्याच्या मायदेशी असा अंधार कधीच भेटत नाही. पांढऱ्या प्रकाशाचा, साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा एलईडी दिवा झाडाच्या शेंड्यापासून वीस ते तीस सेंटिमीटरवर टांगावा आणि टायमर लावून रोज बारा तास चालू ठेवावा. रेडिएटर खालून मुळे तापवतो आणि हवा कोरडी करतो, त्यामुळे कुंडी तेथून हलवावी. रात्री काचेला पाने टेकू देऊ नयेत. हिवाळ्यात पाण्याची गरज खूप कमी होईल, काडीवर विश्वास ठेवावा. जूनमध्ये रात्री दहा-बारा अंशांच्या वर राहू लागल्या की झाड बाहेर सावलीत, मग हळूहळू उन्हात न्यावे.

प्रश्न : गणपतीला आम्ही दहा दिवस कोकणात जातो. घर बंद असते. पहिलेच बोन्साय आहे, त्याचे काय करावे? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : सर्वांत चांगला उपाय शेजारी. त्यांना ‘दोन दिवसांनी पाणी घाला’ असे सांगू नये. निघण्याआधी दोन दिवस त्यांना बोलावून ओली आणि कोरडी कुंडी हातात देऊन वजनातला फरक दाखवावा आणि ‘हलकी लागली तरच’ एवढेच सांगावे. शेजाऱ्यांची सोय नसेल तर भाद्रपदातली दमट, ढगाळ हवा आपल्या बाजूने आहे. जेडला दहा दिवस काहीही करावे लागणार नाही. फायकससाठी कुंडीच्या तळाच्या भोकातून जाडसर सुती चिंधी आत, मुळांपर्यंत सरकवावी, कुंडी दोन विटांवर ठेवावी आणि चिंधीचे दुसरे टोक खाली पाण्याने भरलेल्या, झाकण लावलेल्या डब्यात सोडावे. झाकणाला चिंधीपुरते भोक असावे, म्हणजे डास होत नाहीत. ही जुळणी निघण्याच्या आठवडाभर आधी तीन दिवस चालवून पाहावी. माती चिखल होत असेल तर चिंधी बारीक करावी, कोरडी पडत असेल तर दुसरी जोडावी. झाड खिडकीपासून हातभर आत घ्यावे, पण मोरीत किंवा कपाटाआड अंधारात कोंडू नये.

परत आल्यावर घाईने पाणी ओतू नये. आधी चिंधी काढावी, काडी खोचून पाहावी, आणि झाड पुन्हा त्याच्या जुन्या जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवावे.